हवेंतील शब्द आणि दुसरी बाजू

पेनसिल्व्हानिया संस्थानांत रेड लायन या नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथील एका पाद्र्याच्या मालकीच्या नभोवाणी-केंद्रावरून २७ नोव्हेंबर १९६४ रोजीं पंधरा मिनिटांचें एक भाषण ध्वनिक्षेपित झालें. वक्ते होते बिली जेम्स हार्गिस. ओक्लाहोमा संस्थानांतील टल्सा येथील हे धर्मोपदेशक साम्यवादाविरुद्ध प्रचार करण्यासाठीं ठिकठिकाणच्या केंद्रांवरील वेळ विकत घेत व आपलीं ध्वनिमुद्रित भाषणें तेथून ऐकवीत. त्याच महिन्याच्या आरंभीं अध्यक्षपदाची निवडणूक होऊन पुराणमतवाद्यांचे लाडके उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांचा दारुण पराभव झाला होता. गोल्डवॉटर यांच्यावर टीकेचें पुस्तक लिहिणारे पत्रकार फ्रेड कुक यांचा हार्गिस यांनीं त्या भाषणांत समाचार घेतला. खोट्या आरोपाबद्दल एका वर्तमानपत्रानें कुक यांना काढून टाकलें होतें, साम्यवाद्यांना जवळच्या असलेल्या एका प्रकाशनांत ते लिहीत, अशा अर्थाचें तें बोलणें होतें. कुक यांनीं केंद्राकडे उत्तरासाठीं वेळ मागितला. केंद्रानें आपलें दरपत्रक पुढें केलें. पैसे भरा आणि खुशाल बोला, असा त्याचा अर्थ. कुक यांचें म्हणणें असें कीं, शिवी फुकट ऐकावी लागली, तर उत्तरहि फुकटच देतां आलें पाहिजे. एवढ्याशा या भांडणाचा निकाल लागावयास जवळजवळ पांच वर्षें गेलीं, आणि तो अखेर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला.

‘पुराणमतवादी’ हा शब्द मराठींत किंचित् हेटाळणीचा आहे. अमेरिकेंत मात्र स्वतःला ‘कन्झर्व्हेटिव्ह’ म्हणविणारी मंडळी हें बिरुद अभिमानानें मिरवितात. मध्यवर्ती सरकारची सत्ता आटोपशीर असावी, कर थोडे असावेत, धर्म आणि कुटुंब यांच्या बंधनांचा मान राखला जावा, साम्यवादाशीं तडजोड नसावी, अशी त्यांची भूमिका विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत होती. विद्यापीठें, मोठीं वर्तमानपत्रें आणि ध्वनिक्षेपणाच्या कंपन्या या सर्व उदारमतवाद्यांच्या हातीं आहेत, आणि आपली बाजू कोणी लोकांपर्यंत जाऊंच देत नाहीं, हें त्यांचें जुनें गाऱ्हाणें होय. नभोवाणीपासून आजच्या आंतरजालापर्यंत त्यांच्या राजकीय भाष्याचा जो अवाढव्य पसारा वाढला, त्याचें मूळ या गाऱ्हाण्यांत आहे. तें कितपत खरें होतें, आणि ज्यांनीं तें केलें त्यांच्या हातीं साधनें आल्यावर दुसऱ्या बाजूचें काय झालें, हें पाहण्यासाठीं रेड लायनच्या खटल्यासारखें दुसरें दार नाहीं.

कागदावर छापण्यास अमेरिकेंत कोणाची परवानगी लागत नाहीं. हवेंतील लहरींची गोष्ट निराळी. एकाच लहरीवर दोन केंद्रें बोलूं लागलीं तर ऐकणाऱ्याच्या वांट्यास केवळ खरखर येते. म्हणून १९२७ च्या कायद्यानें लहरींची वांटणी एका सरकारी मंडळाकडे सोंपविली, आणि १९३४ सालीं त्या मंडळाच्या जागीं फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन आलें. परवाना मिळालेला केंद्रचालक हा लहरीचा मालक नसून विश्वस्त आहे, हें या व्यवस्थेमागील तत्त्व. विश्वस्तानें आपल्याच घरचीं गाणीं गाऊं नयेत, हें ओघानेंच आलें.

या सावधगिरीला कारणहि घडलें होतें. डेट्रॉइटनजीक रॉयल ओक येथील कॅथॉलिक पाद्री चार्ल्स कॉफ्लिन हे १९२६ पासून नभोवाणीवर बोलूं लागले. १९३० नंतरच्या मंदीच्या काळांत रविवारीं दुपारीं त्यांचें प्रवचन ऐकण्यासाठीं लक्षावधि कुटुंबें यंत्राभोवतीं बसत. प्रथम ते अध्यक्ष रूझवेल्ट यांचे स्तुतिपाठक होते. मागाहून त्यांचे कडवे वैरी झाले, आणि अखेरीस त्यांच्या वाणींत ज्यूद्वेषाचें विष उघड उघड भिनलें. ऐकणारा घरांत एकटा, बोलणारा एकटा, आणि मध्यें हटकणारा कोणी नाहीं. हें साधन किती प्रभावी आहे तें या एका माणसानें दाखवून दिलें. १९३९ सालीं केंद्रचालकांच्या राष्ट्रीय संघानें वादग्रस्त भाषणांना वेळ विकण्यावर निर्बंध घातले आणि पुढील वर्षीं तो आवाज थांबला.

१९४१ सालीं कमिशननें असा निर्णय दिला कीं, केंद्रचालकानें स्वतःचें मत मांडूंच नये. हें फारच झालें. १९४९ सालीं तो निर्णय सैल करण्यांत आला, व त्याच वेळीं ‘फेअरनेस डॉक्ट्रिन’ म्हणजे समन्यायाचा दंडक जन्मास आला. त्यांत कर्तव्यें दोन होतीं. सार्वजनिक महत्त्वाच्या वादग्रस्त प्रश्नांना केंद्रानें वेळ दिलाच पाहिजे, हें पहिलें. आणि तो देतांना परस्परविरोधी मतांना वाव दिला पाहिजे, हें दुसरें. पहिल्या कर्तव्याचा विसर सर्वांनाच पडतो. प्रत्येक वाक्याला प्रतिवाक्य किंवा मिनिटास मिनिट, असा हिशेब या दंडकांत नव्हता. एकंदर कार्यक्रमांत समतोल असला म्हणजे पुरे. मात्र कोणा व्यक्तीच्या प्रामाणिकपणावर वा चारित्र्यावर हल्ला झाला, तर तिला तसें कळवून उत्तराची संधि द्यावी, असा त्याचा एक पोटनियम होता, आणि कुक यांनीं बोट ठेवलें तें त्यावर.

९ जून १९६९ रोजीं न्यायमूर्ति बायरन व्हाइट यांनीं सर्वोच्च न्यायालयाचा एकमुखी निकाल सांगितला. लहरी थोड्या आणि बोलूं इच्छिणारे पुष्कळ, अशा स्थितींत श्रेष्ठ ठरतो तो ऐकणाऱ्याचा अधिकार, केंद्रचालकाचा नव्हे, हें त्या निकालाचें सार. केंद्र हरलें आणि कुक जिंकले. पण पांचच वर्षांनीं, १९७४ सालीं, त्याच न्यायालयापुढें फ्लोरिडा संस्थानाचा एक कायदा आला. वर्तमानपत्रानें निवडणुकींतील उमेदवारावर टीका केली, तर त्याचें उत्तरहि तितक्याच ठळकपणें व विनामूल्य छापावें, असें तो कायदा सांगे. न्यायालयानें तो, पुन्हा एकमतानें, रद्द केला. काय छापावें हें संपादकानें ठरवावयाचें, सरकारनें नव्हे. या दुसऱ्या निकालपत्रांत पहिल्याचा नामोल्लेखहि नाहीं, ही मौजेची गोष्ट कायद्याचे अभ्यासक आजहि एकमेकांना सांगतात. तेंच वाक्य कागदावर स्वतंत्र आणि हवेंत परतंत्र. आणि दोहोंमधील सगळा भेद काय तो लहरींच्या टंचाईचा.

रेड लायनच्या विजयाला आणखी एक बाजू होती, ती मागाहून उजेडांत आली. सी. बी. एस. या कंपनीच्या वृत्तविभागाचे माजी प्रमुख फ्रेड फ्रेंडली यांनीं १९७० नंतर या प्रकरणाचा माग काढला. त्यांना असें आढळलें कीं, १९६३-६४ च्या सुमारास डेमोक्रॅटिक पक्षाच्या मंडळींनीं उजव्या विचाराच्या नभोवाणी-वक्त्यांवर पद्धतशीर पाळत ठेवविली होती, आणि लहान लहान केंद्रांवर उत्तराच्या मागण्यांचा मारा करून त्या वक्त्यांना वेळ विकणें केंद्रांना परवडूं नये, अशी योजना आंखली होती. कुक यांचें पुस्तकहि पक्षाच्या आश्रयानेंच खपविलें गेलें होतें. फ्रेंडली हे कांहीं पुराणमतवादी नव्हेत, म्हणून त्यांची साक्ष अधिक वजनदार. तेव्हां ‘आमचें तोंड बंद करण्यासाठीं हा दंडक वापरला जातो’ ही उजव्यांची तक्रार निव्वळ कांगावा नव्हती, हें मान्य केलेंच पाहिजे. दंडक उत्तम होता. परंतु जो सत्तेवर असेल त्याच्या हातीं तो लागणार, हें उत्तम हेतूंनीं टळत नाहीं. शिवाय पुष्कळ केंद्रचालकांनीं त्यांतून सोपी पळवाट काढली. उत्तराची कटकट नको म्हणून त्यांनीं वादाचा विषयच नको असें ठरविलें, आणि पहिलें कर्तव्य धुळीस मिळालें.

दंडक जावा असें सगळ्या पुराणमतवाद्यांना वाटत होतें, अशी आज समजूत आहे. ती चुकीची आहे. स्त्रीपुरुष-समानतेच्या घटनादुरुस्तीविरुद्ध लढा देणाऱ्या फिलिस श्लाफ्ली आणि पुढें प्रतिनिधिसभेचे सभापति झालेले न्यूट गिंग्रिच हीं दोघें १९८७ सालीं दंडकाच्या बाजूनें उभीं होतीं. दूरचित्रवाणीच्या बड्या कंपन्या आपल्याला जो थोडाबहुत वेळ देतात तो या दंडकाच्या धाकानेंच, असा त्यांचा हिशेब होता. त्या वर्षीं कायदेमंडळानें दंडकाला कायद्याचें रूप देणारें विधेयक मंजूर केलें. अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनीं तें नाकारलें. लगेच ऑगस्टमध्यें, एका अणुवीज-केंद्राच्या जाहिरातींवरून सिराक्यूस येथें उद्भवलेल्या तक्रारीचा निकाल देतांना, कमिशननें दंडकच मोडींत काढला. केंद्रें आतां पुष्कळ झालीं आहेत, टंचाई सरली आहे, असें कारण देण्यांत आलें.

एका वर्षानें, १ ऑगस्ट १९८८ रोजीं, रश लिंबॉ यांचा कार्यक्रम न्यूयॉर्कहून देशभर सुरू झाला. आरंभीं छप्पन्न केंद्रें. पुढें ती संख्या सहाशेंच्या वर गेली. दंडक गेला आणि लिंबॉ आले, असा सरळ हिशेब बहुतेक लोक मांडतात. त्यांत तथ्य आहे, पण तें अर्धेंच. संगीत तोंपर्यंत अधिक स्वच्छ ऐकूं येणाऱ्या एफ. एम. लहरींवर गेलें होतें, आणि जुन्या ए. एम. केंद्रांना दुपारच्या वेळीं ऐकवावें काय, हा पोटापाण्याचा प्रश्न पडला होता. मानवी बोलणें मात्र ए. एम. वर चांगलें चालतें. उपग्रहामुळें एका ठिकाणचा कार्यक्रम स्वस्तांत सर्वत्र पोंचूं लागला होता. त्यांतून लिंबॉ यांचा कार्यक्रम केंद्रांना रोख पैसे न घेतां मिळे. बदल्यांत जाहिरातींची कांहीं मिनिटें द्यावयाचीं, एवढाच करार. तोट्यांतील केंद्राला हें घबाडच वाटलें. दंडक राहता, तर अशा तीन तासांच्या एकतर्फी कार्यक्रमाला प्रत्येक गांवीं जोड शोधावी लागती. तो गेल्यामुळें ती अडचण राहिली नाहीं, इतकेंच म्हणतां येईल.

लिंबॉ हे वक्ते म्हणून असामान्य होते, हें त्यांच्या विरोधकांनींहि नाकारलें नाहीं. जुन्या पाद्र्यांची गंभीर गर्जना त्यांच्यापाशीं नव्हती. होती ती थट्टा, नक्कल, आत्मस्तुतीचें सोंग आणि मध्येंच सोडलेला एखादा जीवघेणा बाण. दुपारीं मोटार चालविणारा, दुकानांत बसलेला, एकटा जेवणारा माणूस त्यांना आपला मित्र समजूं लागला. दूरध्वनीवरून बोलावयास येणारे श्रोते स्तुतीची लांबण टाळण्यासाठीं आरंभींच ‘डिट्टो’ एवढेंच म्हणत, आणि त्यावरून त्या साऱ्या संप्रदायाला तें नांव पडलें. मराठींत आपण ‘री ओढणारे’ म्हणतों, त्याचाच हा अमेरिकन अवतार. दुसऱ्या बाजूचें काय, असें विचारल्यास, आपणच ती दुसरी बाजू आहों, असें लिंबॉ सांगत. बाकीचें सगळें जग उदारमतवाद्यांचें. हे तीन तास त्यावरील उतारा. या उत्तरांत जुन्या गाऱ्हाण्याचा आधार होता, म्हणूनच तें पटे. १९९४ च्या निवडणुकींत रिपब्लिकन पक्षाला चाळीस वर्षांनीं प्रतिनिधिसभेंत बहुमत मिळालें, तेव्हां नव्या सभासदांनीं त्यांना आपल्या तुकडीचे सन्माननीय सभासद करून घेतलें. चाळीस वर्षांच्या बहिष्काराची भाषा बोलणारी बाजू आतां राजदरबारीं बसली होती; भाषा मात्र बहिष्काराचीच राहिली.

येथें विल्यम बक्ली यांची आठवण होणें साहजिक आहे. १९५५ सालीं ‘नॅशनल रिव्ह्यू’ हें नियतकालिक काढून ज्यांनीं अमेरिकन पुराणमतवादाला विद्वत्तेची बैठक दिली, ते हे गृहस्थ. १९६६ पासून १९९९ पर्यंत त्यांनीं दूरचित्रवाणीवर ‘फायरिंग लाइन’ हा वादसंवाद चालविला. तेथें प्रतिपक्षाचा बिनीचा माणूस समोर बसविला जाई. व्हिएटनामच्या युद्धाचे कडवे विरोधक नोम चॉम्स्की हे १९६९ सालीं तेथें येऊन गेले. बक्ली नम्र नव्हते, अनेकदां ते बोचरे होत. पण प्रतिपक्ष्याचें म्हणणें त्याच्याच तोंडून, सलग, ऐकूं येई. त्यांना असें करावयास दंडकानें भाग पाडलें नव्हतें. हौस, आत्मविश्वास आणि वादाची गोडी, एवढ्या बळावर तें तेहतीस वर्षें चाललें. लिंबॉ यांच्या काळांत ती रीत मागें पडली. कारण एकट्याच्या बोलण्याला श्रोते अधिक मिळतात, हें धंद्याला कळून चुकलें होतें.

१९९६ सालीं सुरू झालेल्या फॉक्स न्यूज या वाहिनीचें खापर पुष्कळदां दंडकाच्या अंतावर फोडलें जातें. तेंहि बरोबर नाहीं. दंडक लहरींच्या परवान्याला बांधलेला होता; तारेवरून घरांत येणाऱ्या वाहिन्यांना असा परवाना लागतच नाहीं. आंतरजालाला तर टंचाई हा शब्दच ठाऊक नाहीं. १९९९ च्या सुमारास, कोणालाहि चार पायऱ्यांत स्वतःची जाहीर रोजनिशी मांडतां येईल, अशीं साधनें निघालीं, आणि ‘ब्लॉग’ हा आंखूड शब्द रूढ झाला. न्यायमूर्ति व्हाइट यांच्या युक्तिवादाचा पायाच जणूं काढून घेतला गेला. ज्याला उत्तर द्यावयाचें आहे त्यानें दरपत्रक मागावयाचें कारण उरलें नाहीं; त्यानें आपल्या घरीं बसून लिहावें.

त्याचें सामर्थ्य सप्टेंबर १९२४ नव्हे, २००४ मध्यें दिसलें. कॉफ्लिन यांच्या काळाची सरमिसळ येथें करून चालणार नाहीं, कारण यावेळीं हटकणारे हजारों होते. ८ सप्टेंबरच्या रात्रीं सी. बी. एस. वर डॅन रादर यांनीं कांहीं कागद दाखविले. अध्यक्ष जॉर्ज बुश यांनीं तरुणपणीं टेक्सस संस्थानच्या हवाई रक्षकदलांत कामचुकारपणा केला, असें त्यांच्या दिवंगत वरिष्ठानें १९७२-७३ सालीं टिपून ठेवलें होतें, असा त्यांचा दावा होता. निवडणूक दोन महिन्यांवर होती. कार्यक्रम संपून कांहीं तास होतात न होतात तोंच, एका टोपणनांवी गृहस्थानें शंका काढली: या कागदांवरील प्रत्येक अक्षराची रुंदी निरनिराळी आहे, आणि त्या काळच्या कचेरींतील टंकलेखन-यंत्रांवर तर बहुधा सर्व अक्षरें सारख्याच जागेंत बसत. मिनेसोटाकडील वकिलांच्या ‘पॉवर लाइन’ या ब्लॉगनें ती शंका उचलून धरली, आणि टंकलेखनाचे, छपाईचे व लष्करी कचेऱ्यांचे जाणकार वाचक आपआपली माहिती पाठवूं लागले. ‘लिटल ग्रीन फुटबॉल्स’ या ब्लॉगचे चार्ल्स जॉन्सन यांनीं तोच मजकूर मायक्रोसॉफ्ट वर्डमध्यें, कोणताहि फेरफार न करतां, टाइप केला आणि तो त्या कागदावर ठेवून दाखविला. दोन्ही जवळजवळ तंतोतंत जुळले.

सी. बी. एस. चे एक माजी अधिकारी यावर म्हणाले कीं, वृत्तविभागांत तपासणीच्या कितीतरी पायऱ्या असतात, आणि इकडे हा पायजमा घालून दिवाणखान्यांत बसलेला माणूस! हिंदुस्थानांतून इंग्रजींत गेलेल्या त्या वस्त्राला एवढी प्रतिष्ठा पूर्वीं कधीं लाभली नसेल; ब्लॉग लिहिणाऱ्यांनीं ती शिवी निशाणासारखी उंच धरली आणि आपल्या एका संस्थेला पायजम्याचेंच नांव दिलें. २० सप्टेंबर रोजीं कंपनीनें कबूल केलें कीं, कागद खरे असल्याचें आपल्याला सिद्ध करतां येत नाहीं. जानेवारी २००५ मध्यें चौकशी-समितीचा अहवाल आला. कागद बनावटच आहेत असें समितीनें ठामपणें म्हटलें नाहीं; पण ते तपासण्यांत व मागाहून त्यांचें समर्थन करण्यांत घोर हलगर्जीपणा झाला, असें दाखवून दिलें. त्या कार्यक्रमाच्या निर्मातीची नोकरी गेली, आणि मार्चमध्यें रादर वृत्तनिवेदकाच्या आसनावरून उतरले. जुन्या गाऱ्हाण्याला एवढा मोठा पुरावा पूर्वीं मिळाला नव्हता. तपासणीच्या पायऱ्या पुष्कळ असून, ज्यावर विश्वास ठेवावासा वाटतो तें तपासावेंसें वाटत नाहीं, हा दोष बड्या कचेरींतहि असतो.

तो पायजम्यांतहि असतो. जॉन्सन यांनीं २००९ च्या अखेरीस आपण उजव्या पक्षापासून दूर होत असल्याचें जाहीर केलें. ज्या चिकित्सेनें त्यांना मोठें केलें, ती आपल्याच बाजूला लावणें सहकाऱ्यांना खपत नव्हतें, असा त्यांचा आरोप. पुढील वर्षीं, १९ जुलै २०१० रोजीं, अँड्र्यू ब्राइटबार्ट यांनीं आपल्या आंतरजालावरील प्रकाशनांत एका भाषणाचा त्रुटित तुकडा प्रसिद्ध केला. शेतकी खात्याच्या जॉर्जिया संस्थानांतील अधिकारी शर्ली शेरॉड या कृष्णवर्णीय बाई त्यांत सांगत होत्या कीं, एक गोरा शेतकरी मदतीस आला असतां आपण हातचें राखून काम केलें. त्याच दिवशीं, त्या मोटारीनें प्रवासांत असतांनाच, वरिष्ठांनीं त्यांचा राजीनामा घेतला. ज्या कृष्णवर्णीयांच्या संस्थेच्या समारंभांत हें भाषण मार्च महिन्यांत झालें होतें, तिनेंहि आपल्याच संग्रहांतील पूर्ण मुद्रण न पाहतां बाईंचा निषेध केला.

मग पूर्ण भाषण बाहेर आलें. ती हकीगत चोवीस वर्षांपूर्वींची होती, आणि तुकडा जेथें तुटला तेथूनच तिचा खरा अर्थ सुरू होत होता: भेद काळ्या-गोऱ्याचा नसून, असलेल्याचा आणि नसलेल्याचा आहे, हें त्या प्रसंगानें आपल्याला शिकविलें आणि आपण त्या शेतकऱ्याची जमीन वांचविण्यासाठीं झटलों, असें बाई सांगत होत्या. तो वृद्ध शेतकरी आणि त्याची पत्नी स्वतः पुढें येऊन म्हणालीं कीं, आमची शेती राहिली ती हिच्यामुळें. दोन दिवसांत सरकारनें जाहीर क्षमा मागितली, आणि खात्यानें शेरॉड यांना दुसरी, अधिक मोठी जागा देऊं केली. ऑगस्टच्या अखेरीस त्या वॉशिंग्टनला आल्या, शेतकी खात्याच्या मंत्र्यांच्या शेजारीं उभ्या राहिल्या, आणि ती जागा नको म्हणून सांगून परत गेल्या.